वाचक विचारतात : डोंगरवाटेवरचे धावणे

सह्याद्रीच्या पायथ्याशी शनिवार-रविवार भरणाऱ्या डोंगरशर्यतींच्या महोत्सवाविषयी गेल्या अंकात लिहिल्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. शनिवारी मुलांची तीन किलोमीटरची आणि हौशी धावपटूंची दहा किलोमीटरची शर्यत, गावातल्या शाळेच्या पटांगणावर मुक्काम व जेवण, आणि रविवारी पहाटे २१ व ५० किलोमीटरच्या शर्यती, असे या महोत्सवाचे स्वरूप आहे. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना रस्त्यावर धावण्याची सवय आहे, परंतु डोंगरात ते प्रथमच उतरणार आहेत. एकाच विषयावरची पत्रे एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहतो. वय ३४. पाम बीच रस्त्यावर आमच्या गटाबरोबर सराव करतो आणि २१ किलोमीटर दोन तास पाच मिनिटांत पूर्ण करतो. महोत्सवातल्या २१ किलोमीटरच्या शर्यतीत एकूण चढण १२०० मीटर असून कट-ऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करण्याची कमाल मुदत, साडेपाच तासांचा आहे. हा वेळ मला फारच सढळ वाटतो. मग मी थेट ५० किलोमीटरसाठी नाव नोंदवू का? त्यात चढण २८०० मीटर आणि कट-ऑफ १३ तासांचा आहे.

उत्तर : यंदा ५० किलोमीटरसाठी नाव नोंदवू नका, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन, आणि त्यामागचे गणितही मांडते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातल्या चालीचा एक ठोकताळा सांगितला होता, तो आजही उपयोगी पडतो. दर पाच किलोमीटर अंतराला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढणीला आणखी एक तास मिळवायचा. या हिशेबाने आपल्या २१ किलोमीटरला अंतराचे चार तास बारा मिनिटे आणि चढणीचे दोन तास, असे एकूण सहा तास बारा मिनिटे होतात. याचा अर्थ असा, की सलग चांगल्या गतीने चालणारा माणूससुद्धा साडेपाच तासांच्या कट-ऑफमध्ये बसणार नाही. ५० किलोमीटरला हाच हिशेब १४ तास ४० मिनिटांवर जातो आणि आपल्याला दिलेला वेळ १३ तासांचा आहे. जो वेळ आपल्याला सढळ वाटतो, तो मुळात चालणाऱ्याच्या वेळेपेक्षा कमी आहे.

डोंगरात धावणारे लोक आणखी एक हिशेब वापरतात, तो म्हणजे १०० मीटर चढण ही सपाटीवरच्या एका किलोमीटरइतकी धरायची. त्याप्रमाणे आपली २१ किलोमीटरची शर्यत ३३ किलोमीटरची होते आणि ५० किलोमीटरची ७८ किलोमीटरची. किलोमीटरला सहा मिनिटे या आपल्या गतीने ३३ किलोमीटरला तीन तास वीस मिनिटे लागतील, परंतु घसारा (पायाखालून निसटणारी माती-खडी), ओला कातळ, करवंदीच्या जाळीतून काढलेली एकपदरी वाट आणि पुढच्याला ओलांडायला जागा नसणे, या गोष्टी त्या हिशेबात धरलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी आणखी तासभर बाजूला ठेवावा. आल्प्समध्ये माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी जी प्रसिद्ध शर्यत २००३ पासून भरते, तिच्यात सुमारे १७० किलोमीटर अंतर आणि सुमारे दहा हजार मीटर चढण असून कट-ऑफ साडेसेहेचाळीस तासांचा आहे. भागाकार केला तर ताशी चार किलोमीटरसुद्धा होत नाहीत, आणि तरीही वर्षानुवर्षे तयारी करून आलेल्या धावपटूंपैकी कित्येक जण ती अर्ध्यावर सोडतात.

शेवटच्या वेळेइतकीच मधल्या टप्प्यांवरची वेळही पाहावी. अनेक शर्यतींत वाटेतल्या एका-दोन ठिकाणी स्वतंत्र कट-ऑफ असतो आणि त्या वेळेनंतर पोहोचणाऱ्याला पुढे सोडत नाहीत. यंदा २१ किलोमीटर धावा, घड्याळावर प्रति किलोमीटर गती न पाहता एकूण किती तास पायांवर होतात ते पाहा, आणि सरावाच्या वहीत अंतरासोबत चढणीचाही रकाना ठेवा. पुढच्या वर्षी तो रकाना पाहून आपणच ५० किलोमीटरचा निर्णय घेऊ शकाल.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रस्त्यावर राहतो. आठवड्यात वेळ फक्त पहाटे पाच ते साडेसहा मिळतो. येऊरला अंधारात गेले तर चालेल का? ठाण्यात चढाचा सराव आणखी कोठे करता येईल? (कोपरखैरणे आणि खारघर येथील वाचकांनीही आपापल्या भागाविषयी हेच विचारले आहे.)

उत्तर : अंधारात येऊरला जाऊ नये. येऊरचा डोंगर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तेथे बिबट्यांचा नित्य वावर आहे, आणि पहाटेचा व तिन्हीसांजेचा वेळ त्यांच्या फिरण्याचा असतो. वन विभागाच्या नाक्यावर प्रवेशाच्या वेळेबाबत जे सांगतील ते मानावे आणि उजाडल्यावर, तीन-चार जणांनी मिळून, आपसांत बोलत, कानात काहीही न घालता धावावे. गावात जाणारा रस्ता सोडून आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय शिरू नये. बिबट्या समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नये आणि खाली वाकू अथवा बसू नये. उभे राहून, त्याच्याकडे तोंड ठेवून, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकावे.

आठवड्यातल्या दिवसांसाठी माझा सल्ला अगदी साधा आहे, तो म्हणजे आपल्या इमारतीचा जिना. एका मजल्याची उंची सुमारे तीन मीटर धरली तर २५ मजल्यांच्या इमारतीत एका फेरीला ७५ मीटर चढण होते आणि आठ फेऱ्यांत ६०० मीटर. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना ही सोय दारातच आहे. वर जाताना दोन-दोन पायऱ्या हळू चढाव्यात, येताना लिफ्ट वापरू नये. खाली पायऱ्यांनीच उतरावे, कारण या शर्यतींत उतरण्याचा सराव सर्वांत कमी केलेला असतो. रखवालदाराला आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. पहाटे पाच वाजता जिन्यात धपधप ऐकू आली की लोक साहजिकच घाबरतात.

नवी मुंबईतल्या वाचकांना खारघर टेकडीवर फणसवाडीकडे जाणारा रस्ता आणि बेलापूरच्या पारसिक टेकडीचा चढ उत्तम आहेत. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याच्या बाजूला जाऊ नये. तेथे बुडून माणसे दगावली आहेत आणि प्रशासन दरवर्षी त्या काळात बंदी घालते. महिन्यातून दोन रविवार मात्र खऱ्या डोंगरासाठी राखून ठेवावेत. पनवेलच्या बाजूने धोदाणीहून माथेरानला चढणारी वाट सरावासाठी फार चांगली आहे. दगड, माती, झाडांची मुळे आणि दाट सावली हे सगळे तिथे एका चढात मिळते, आणि वर मोटारींना बंदी असल्यामुळे पुढेही लाल मातीच्या रस्त्यांवर निर्धास्त धावता येते. कर्नाळ्याचा चढ लहान आहे, पण तेथे अभयारण्याच्या वेळा व शांतता पाळावी लागते, त्यामुळे तो चालत चढण्यासाठीच योग्य.

प्रश्न : मी बेलापूरची, वय ५२. तीन वर्षे रस्त्यावर दहा किलोमीटर धावते. पहिल्यांदाच गटाबरोबर डोंगरावर गेले. चढताना काही वाटले नाही, पण उतरताना गुडघ्यांच्या वर मांड्या थरथरू लागल्या आणि पुढचे तीन दिवस रेल्वेचा जिना उतरता येईना. डॉक्टरांनी तपासून गुडघे उत्तम आहेत असे सांगितले. घरचे म्हणतात, हे वय डोंगराचे नाही. मी शनिवारच्या दहा किलोमीटरचे नाव मागे घ्यावे का?

उत्तर : मागे घेऊ नका. आपल्या पत्रातली प्रत्येक खूण मला ओळखीची आहे आणि तिचा वयाशी फारसा संबंध नाही. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू शरीराचा भार पेलत ताणला जातो, म्हणजे एकाच वेळी लांबही होतो आणि आवरूनही धरतो. या कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, म्हणून दुखणे लगेच न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते. रस्त्यावर धावणाऱ्या तिशीतल्या मुलांचीही हीच गत होते. यात दिलासा देणारी गोष्ट अशी, की स्नायू हा धडा लक्षात ठेवतात. एकदा उताराचा सराव झाला की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने बरेच कमी दुखते आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. म्हणून पहिल्या आठवड्यात शंभर मीटर उंचीचाच उतार घ्या, तो दर आठवड्याला थोडा थोडा वाढवा आणि शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या साधारण दोन आठवडे आधी करा.

आता पाऊल कसे पडते ते पाहू. नवख्या माणसाला उतारावर भीती वाटते, म्हणून तो मागे रेलतो. मागे रेलले की पाय पुढे लांब पडतो, टाच आधी टेकते, गुडघा ताठ होतो, आणि टाचेखालचे मुरमाचे खडे गोट्यांसारखे घरंगळू लागतात. पाय घसरतो, भीती वाढते आणि माणूस आणखी मागे रेलतो. उपाय याच्या अगदी उलट आहे. कमरेतून किंचित पुढे झुकावे, गुडघे सैल ठेवावेत आणि पाऊल आखूड टाकावे, इतके आखूड की ते शरीराच्या खालीच पडेल. वैशाखात गच्चीच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी जाताना आपण जसे भराभर पाय उचलतो, तसे ते उचलावेत. एखादा खडा निसटला तरी भार त्यावर पुरता आलेला नसतो, तोवर दुसरे पाऊल पडलेले असते. नजर बुटांवर न ठेवता तीन-चार मीटर पुढे ठेवावी आणि हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडावेत. डोंगरातल्या वाड्यांवरची मुले शाळेतून घरी उतरताना पाहिली आहेत का? त्यांना हे कोणी शिकवलेले नसते आणि त्यांच्याइतके सुंदर उतरणे मी कोणत्याही शर्यतीत पाहिलेले नाही.

बोटांची नखे काळी पडण्याचे कारणही उतारच आहे. उतरण्यापूर्वी थांबून बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधावी, म्हणजे पाय पुढे सरकून बोटे बुटावर आपटत नाहीत. आणि चढावर चालण्याचा संकोच बाळगू नये. उभा चढ आला की गुडघ्यांच्या वर मांड्यांवर हात टेकून, लांब श्वास घेत चालावे. पहिल्या क्रमांकाचे धावपटूसुद्धा उभ्या चढावर चालतात. घरच्यांना एकदा आपल्याबरोबर शाळेच्या पटांगणावर घेऊन या, तेथे आपल्या वयाच्या स्त्रिया बऱ्याच भेटतील.

प्रश्न : किती पाणी बरोबर घ्यावे? शर्यतीत दर पाच-सहा किलोमीटरवर पाण्याची सोय आहे असे नियमावलीत लिहिले आहे. (नेरूळ, वाशी आणि वागळे इस्टेट येथील वाचक)

उत्तर : काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका शर्यतीत दुसऱ्या थांब्यावरचे पाणी मी पोहोचण्यापूर्वीच संपले होते. पुढचा थांबा डोंगराच्या धारेपलीकडे आठ किलोमीटरवर होता, माझ्याकडे अर्धी बाटली होती, आणि दहा वाजायच्या आतच कातळ हाताला चटका लागेल इतका तापला होता. नियमावलीत त्या थांब्यावर ‘भरपूर पाणी’ असे लिहिलेले होते. धारेखालच्या वाडीत एका आजींनी हंड्यातून दोन तांबे पाणी दिले. तो हंडा त्यांनी डोक्यावरून खालच्या विहिरीहून आणलेला होता, हे मला पाणी पिऊन झाल्यावर कळले. तेव्हापासून मी प्रत्येक थांब्यावरून किमान दीड लिटर पाणी घेऊनच निघते, मग पुढचा थांबा कितीही जवळ असो.

मात्र भीतीपोटी घटाघट पाणी पिणेही धोक्याचे आहे. तासन्‌तास नुसते पाणी गरजेपेक्षा जास्त प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण खाली जाते आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसतात, प्रसंगी जिवावरही बेतते. तहान लागेल तसे प्यावे. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि घाम मात्र वाहत राहतो, म्हणून पाण्याबरोबर मीठही पोटात जायला हवे. औषधांच्या दुकानातले ओआरएस (क्षार-साखरेची जलसंजीवनी) उत्तम. ते नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण चालते. चमचा चहाचा घ्यावा आणि माप अंदाजाने वाढवू नये. खाण्यासाठी राजगिऱ्याची चिक्की, खजूर, उकडलेला बटाटा मिठासह, यांपैकी जे आपल्या पोटाला सरावात मानवले असेल तेच शर्यतीत घ्यावे. धावण्यापूर्वी किंवा धावताना आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेण्याची पद्धत काही गटांत दिसते, ती कृपया बंद करा. पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

प्रश्न : कळव्याहून लिहितो. आमच्या २१ किलोमीटरच्या शर्यतीला वाराविरोधक जाकीट, शिट्टी आणि हेडलॅम्प (डोक्याला बांधायचा दिवा) सक्तीचे केले आहेत. सकाळी सहाला सुटून अकराला संपणाऱ्या शर्यतीत, तेही आपल्याकडच्या उकाड्यात, या ओझ्याची गरज काय?

उत्तर : २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरशर्यतीत १७२ धावपटू उतरले होते. दुपारी उंचावरच्या टप्प्यात अचानक वादळी वारा, गारा आणि गोठवणारा पाऊस सुरू झाला. बरेच जण अर्ध्या चड्डीवर आणि पातळ सदऱ्यावर होते, कारण वाराविरोधक जाकीट सक्तीचे नव्हते. शरीराचे तापमान उतरून २१ धावपटूंचा मृत्यू झाला. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीजवळ ठेवले, म्हणून ते वाचले.

आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही, हे खरे आहे. परंतु घामाने भिजलेला माणूस पाय मुरगळून माथ्यावर दोन तास बसून राहिला, वरून अवकाळी सर आली आणि वारा सुटला, तर सह्याद्रीतही तो कुडकुडू लागतो. धावणे थांबले की शरीरातली ऊब फार वेगाने जाते. जाकिटाचे वजन दोन-तीनशे ग्रॅम असते. शिट्टीचे म्हणाल, तर दरीत उतरलेल्या माणसाची हाक पन्नास पावलांवरही वाऱ्यात विरते आणि शिट्टी मात्र ऐकू येते. हेडलॅम्प ज्याला वेळेत पोहोचता आले नाही त्याच्यासाठी असतो, आणि आपण त्यांपैकी असणार की नाही हे सकाळी सहाला कोणालाच ठाऊक नसते. यात मी एक वस्तू स्वतःहून मिळवते, ती म्हणजे लांब चिकटपट्टी, घोट्यासाठी. कड्याजवळून जाताना आग्या मोहोळांपासून सावध राहावे, त्या दिवशी अत्तर किंवा सुगंधी तेल लावू नये.

प्रश्न : डोंगरातल्या धावण्यासाठी वेगळे बूट घ्यावेच लागतात का? (मानपाडा, ठाणे)

उत्तर : दहा किलोमीटरसाठी, कोरड्या दिवसांत, रस्त्यावरच्या बुटांवर निभावते. २१ किलोमीटरपासून मात्र तळाला खोल दाते असलेले बूट घ्यावेत, नेहमीच्या मापापेक्षा अंगठ्यापुढे थोडी जागा जास्त ठेवावी आणि ते किमान शंभर किलोमीटर वापरून मगच शर्यतीत घालावेत. दाते कितीही खोल असले तरी शेवाळलेल्या कातळावर ते धरत नाहीत, तेथे चालावे.

प्रश्न : मी वाशीला शिक्षक आहे. अशा महोत्सवांना दोन दिवसांत हजार-बाराशे माणसे एका लहान गावात येतात. त्या गावाला यातून काय मिळते? की आपण नुसता कचरा आणि गोंगाट सोडून येतो?

उत्तर : हा प्रश्न प्रत्येकाने नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना विचारावा. मी स्वतः तीन गोष्टी विचारते. पाणी गावाच्या विहिरीतून घेणार की बाहेरून टँकरने आणणार, जेवणाचे काम गावातल्या बचत गटाला दिले आहे का, आणि वाटेवरच्या खुणा शर्यतीनंतर कोण काढणार. पाण्याचा प्रश्न पहिला विचारते, कारण जानेवारी-फेब्रुवारीनंतर डोंगरातल्या कित्येक वाड्यांच्या विहिरी तळाला जातात, आणि वर सांगितलेला तो हंडा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. खुणांसाठी कापडी फिती बांधाव्यात. कातळावर रंगाने बाण काढणाऱ्या आयोजकांकडे मी जात नाही, कारण तो रंग कित्येक पावसाळे तसाच राहतो. गावातल्या तरुणांना वाटाड्या आणि स्वयंसेवक म्हणून रीतसर मानधन देणारे आयोजकही आहेत, त्यांच्याकडे आपण आवर्जून जावे. आणि धावपटूने रिकामे वेष्टन स्वतःच्या खिशात घालावे, थांब्यावरच्या पिशवीतसुद्धा नव्हे, कारण ती पिशवी पुढे कोठे जाते हे आपल्याला दिसत नाही.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा, रेल्वेतून निवृत्त, ठाणे पूर्वेला राहतो. ट्रेकिंग बरेच केले आहे, आता धावणे जमत नाही. महोत्सवात माझा काही उपयोग होईल का?

उत्तर : फार मोठा उपयोग होईल आणि आपण आजच नाव द्यावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. वेळेची शिस्त आणि नोंदीची सवय असलेली माणसे डोंगरातल्या नोंदीच्या ठाण्यांवर हवीच असतात. धावपटूची वेळ आपोआप नोंदवणारी टायमिंग चिप असली तरी माथ्यावर यंत्र बंद पडते, मोबाइलला रेंज नसते, आणि मग वहीत हाताने लिहिलेला बिब क्रमांक (धावपटूच्या छातीवरचा क्रमांक) आणि त्यापुढची वेळ एवढाच पुरावा उरतो. मागच्या ठाण्यावरून किती निघाले, आपल्याकडे किती आले आणि किती पुढे गेले, हा हिशेब जुळला नाही तर कोणीतरी वाटेत अडकले आहे हे त्या वहीवरूनच प्रथम कळते. दोन पेन आणि एक शिसपेन्सिल न्यावी, कारण दवाने ओल्या झालेल्या कागदावर पेन उमटत नाही.

ट्रेकिंगचा अनुभव असल्यामुळे आपण आयोजकांकडे शेवटच्या माणसाबरोबरचे काम मागावे, असेही सुचवते. शेवटचा धावपटू ठाण्यावरून निघाला की वही बंद करायची आणि त्याच्या मागोमाग चालू लागायचे. तो थकलेला असतो, बोलण्याच्या मनःस्थितीत नसतो, म्हणून दहा-पंधरा पावले अंतर ठेवायचे, त्याने मागे पाहिले तर हात वर करायचा, आणि वाटेतल्या झाडांना बांधलेल्या फिती एकेक सोडवून पिशवीत टाकत शाळेच्या पटांगणापर्यंत उतरायचे.